अस्वलाचं शेवटचं वाक्य

आबा, तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी छापला नाही.

तुमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांचा धुळ्याहून फोन आला होता. दहा बाय आठ, वर गुलाबाच्या पाकळ्या, दोन्ही कोपऱ्यांत समया आणि मधोमध तुमचा मतदार कार्डावरचा तो चोरासारखा फोटो. जळगावची शैलाताई आबांच्या ओळखीची, तिच्याकडेच छापू, असं ठरवून बिचाऱ्यांनी मला फोन केला. मी म्हटलं, मशीन बंद आहे. मशीन माझ्या पाठीमागे धडधडत होतं, त्या पोराला फोनवर ऐकूही गेलं असणार. उभा जन्म तुम्ही हाताने पाट्या रंगवल्यात, फ्लेक्स आला आणि तुमच्या हातचं काम गेलं, आणि शेवटी तुम्हालाच मी फ्लेक्सवर टांगायचं? एवढी काही मी निर्लज्ज नाही. पेपरात चार ओळी दिल्या, तुमचा हसरा फोटो दिला, आणि पुन्हा कामाला लागले.

काम म्हणजे आपला सिनेमा. तो पुरा झालाय, आबा. बत्तीस मिनिटांचा झाला आणि चांगला झाला. हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही. नम्रपणा तुमच्याकडेही नव्हता, म्हणून तर आपलं जमलं. पण शेवटचं अर्धं मिनिट तुमच्याशिवाय करावं लागलं. ते कसं केलं हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण भांडण त्या अर्ध्या मिनिटाचंच होतं.

आधी आपली ओळख कशी झाली ते आठवतं का? कुणाच्या तरी लग्नाला तुम्ही जळगावला आला होतात आणि घरच्या गळक्या पत्र्यांवर टाकायला जुना फ्लेक्स मागायला माझ्या दुकानात शिरलात. मी विचारलं, धुळ्यात फ्लेक्सवाले मेलेत का? तर म्हणालात, धुळ्यातल्या एकाही फ्लेक्सवाल्याशी मी बोलत नाही. मग मी दिलेला फ्लेक्स तुम्ही फरशीवर उलटा केलात, त्याच्या पांढऱ्या बाजूवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हाई पाठ बठ्ठी कोरी शे ना वं." मला वाटलं म्हातारा सरकला. तुम्ही खिशातून कोळशाचा तुकडा काढलात आणि चहा येईपर्यंत तिथे सागाचं रान उभं केलंत. त्यातलं एक झाड तर असं होतं की मी दुकानातल्या पोरीला म्हटलं, ह्यावर पाय देऊ नको.

गोष्ट तुमची होती. शाळेच्या वाचनालयातून आणलेलं आणि परत न केलेलं पुस्तक, मुखपृष्ठ नाही, पहिली पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही नि लिहिणाराही नाही. पण गोष्ट शाबूत होती. पुरात बापाची नाव उलटते, लहानगी पोर जंगलात अडकते, एक म्हातारा हत्ती तिला चार महिने सांभाळतो आणि पाणी ओसरल्यावर माणसांच्या वाटेवर आणून सोडतो. मधे अजगर, वणवा, कोल्ह्यांची टोळी, सगळं आलं. तुम्हाला ती पुस्तकासारखी तोंडपाठ होती. फक्त हत्ती तुम्हाला मान्य नव्हता. "हत्ती आठे कोनी देखेल शे? वरातमा," असं म्हणून तुम्ही त्याचं अस्वल केलंत. सातपुड्यात अस्वल आहे, हत्ती नाही, विषय संपला. मी म्हटलं, आबा, हा सिनेमा आपण करायचा, तुमची चित्रं आणि माझा मोबाईल. तुम्ही हसून म्हणालात, डोकं ठिकाणावर आहे ना? दोन दिवसांनी सकाळच्या एस.टी.ने पिशवीत ब्रश घेऊन हजर.

मग ती दोन वर्षं. दुकानाच्या वरची खोली, तिथे एक काच आडवी, काचेवर मोबाईल बांधायला जुन्या शिलाई मशीनचा सांगाडा. लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून कापलेली पोर, कोपरा-गुडघ्यांना टिचबटणं. अस्वलाच्या अंगाला काळ्या रंगात बुडवलेला कापूस. पोरीचा हात जरासा सरकवायचा, फोटो काढायचा, परत जरासा सरकवायचा, परत फोटो. एका सेकंदाला बारा. तुमच्या बोटांनी दर वेळी तो कापूस थोडा विस्कटायचा, त्यामुळे पडद्यावर अस्वलाचे केस सारखे हलताना दिसतात, जसा काही त्याच्या अंगावरून कायम वारा जातोय. मी तो दोष समजत होते. पुण्याचा एक शिकलेला माणूस आपलं काम बघून म्हणाला, हे केस हलवायचं कसं जमवलंत? तुम्ही गंभीर तोंड करून म्हणालात, गुपित आहे.

आणि ते ऊन. जळगावचा मे महिना आणि पंखा बंद. पंखा लावला की कागदाची पोर उडून जाते, मग करता काय? तुम्ही बनियनवर, डोक्याला ओला टॉवेल, मी पदर खोचून, दोघंही घामाने निथळतोय आणि कागदाचा पाय एक गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकवतोय. खालून दुकानातली पोरगी विचारायची, ताई, गिऱ्हाईक आलंय, काय सांगू? तुम्ही वरून ओरडायचात, सांग त्याला, जंगलात गेल्यात. जंगलाची झाडं मी वाळक्या केळीच्या पानांची केली होती. आम्ही रावेरकडचे, आमच्याकडे केळीची पानं मुबलक. तुम्ही रोज टोमणा मारायचात की हे जंगल नाही, शैलाच्या बापाचा केळीचा मळा आहे. पण वणव्याच्या प्रसंगात तीच पानं खरोखर पेटवली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. तेवढं मी लक्षात ठेवलंय.

रावेरवरून आठवलं. पाल गावाच्या पुढच्या पाड्यावर आपण एका बाबांकडे गेलो होतो, डिंक आणि मोहाची फुलं गोळा करणारे, अस्वलं त्यांनी आयुष्यभर पाहिलेली. तुम्ही विचारलंत, अस्वल चालतं कसं? बाबा काही सांगत बसले नाहीत, सरळ चार पायांवर झाले आणि अंगणात चालू लागले. आणि त्यांच्या मागे तुम्हीही, पांढरा पायजमा घालून, चार पायांवर. बाबांच्या सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग बाबा म्हणाले, अस्वल झाडावरून उतरताना तोंड खाली करत नाही, ढुंगण आधी, तोंड शेवटी. आपण मधाच्या पोळ्याचा तो प्रसंग चार दिवस खपून काढला होता आणि आपलं अस्वल झाडावरून तोंड खाली करून उतरत होतं, पालीसारखं. परत येताना गाडीत मी म्हटलं, जाऊ द्या, कुणाला कळणार आहे? तुम्ही म्हणालात, त्या बाबाला कळेल. चार दिवस पुन्हा पंखा बंद. तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या होत्या. आज तो प्रसंग बघते तेव्हा वाटतं, त्या अस्वलाच्या ढुंगणाएवढं खरं मी आयुष्यात काही छापलेलं नाही.

आणि पहाटेचा प्रसंग? तो तर आपणच करू जाणे. पोर पहिल्यांदा डोंगरावर चढते आणि उजाडतं. तुम्ही आभाळ एवढं देखणं रंगवलं होतं, केशरी, मग फिका गुलाबी, खाली सातपुड्याची रांग. मला वाटलं मागून दिवा लावला तर आभाळ खरंच उजळेल. लावला हॅलोजन. दोन दिवस फोटो काढले. मोबाईलच्या एवढ्याशा काचेत आपलं दोघांचं लक्ष पोरीच्या पायांकडे. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर लावून बघतोय तर डोंगरामागून हळूहळू एक पुढारी उगवतोय. गॉगल, मिशी, जोडलेले हात. आभाळ ज्याच्या पाठीवर रंगवलं त्या फ्लेक्सची पुढची बाजू वाढदिवसाच्या शुभेच्छांची होती, हे आपण दोघंही विसरलो होतो. मी डोक्याला हात लावला. तुम्ही हसत सुटलात, हसता हसता खोकलात, खोकता खोकता खुर्चीवरून खाली आलात. मी म्हटलं, सगळं परत काढावं लागेल. तुम्ही म्हणालात, राहू दे. आणि तिथल्या तिथे संवाद लिहिलात. पोर विचारते, हे कोण? अस्वल म्हणतं, "कोन शे माहीत नही. रोज उगस. करस काहीच नही." अख्ख्या सिनेमात मला सगळ्यात जास्त हसू त्या जागी येतं, आबा. अजूनही येतं.

अस्वलाचा आवाज तुमचा. पोरीचा माझा, चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने नाक दाबून काढलेला. भिंतींना गोधड्या टांगून आपण आवाज भरायचो. तुम्ही अहिराणीत, मी आमच्याकडच्या बोलीत. मी एकदा म्हटलं होतं, अस्वलाला जरा शुद्ध बोलू द्या की, सगळीकडे चालेल. तुम्ही म्हणालात, सातपुड्यातलं अस्वल पुण्याला शिकायला कधी गेलं होतं? तिथे मी हरले, आणि बरं झालं हरले. तुमचा आवाज खरखरीत होता, मधेच फाटायचा, वाक्याच्या शेवटी एक बारीक ठसका यायचा. ते अस्वलच होतं. हे मी तुम्हाला कधीच बोलून दाखवलं नाही. मला वाटायचं, म्हाताऱ्याला चढवून ठेवलं तर उद्या माझ्या डोक्यावर मिरे वाटेल.

आता भांडणाकडे येते. मुद्दाम उशीर करत होते, तुमच्या लक्षात आलंच असेल.

पुस्तकात शेवटी हत्ती काहीच बोलत नाही. पोर वाटेवर उभी राहते, तो वळतो आणि रानात जातो. मला तो शेवट आवडायचा. नुसती शांतता, पानांची सळसळ, संपलं. तुम्हाला तो मंजूर नव्हता. पोर म्हणते, "येते मी." त्यावर अस्वलाने बोललंच पाहिजे, हा तुमचा हट्ट. आणि काय बोलायचं? तर, "जेवी लेजो. पोहची गयी का सांगजो."

मी हसले होते. म्हटलं, आबा, अस्वलाकडे मोबाईल आहे का? ती पोर सांगणार कशी पोहोचल्याचं? झाडावर चढून हाक मारणार?

तुम्ही म्हणालात, "तुले निरोप देतांना तुन्ही माय काय म्हनस?"

म्हटलं, हेच म्हणते. जेवून घे आणि पोहोचलीस की सांग.

"तिले काय वाटस, तू उपाशी राहशी?"

मी म्हटलं, आईची गोष्ट वेगळी. हे जंगली जनावर आहे. एवढ्या मोठ्या गोष्टीचा शेवट एस.टी. स्टँडवरच्या निरोपासारखा करायचा? तुम्ही म्हणालात, हो, तसाच करायचा. "मानूस निंघस तवय काही ते बोलनंच पडस." आपला हा वाद तीन महिने चालला. चहावर, जेवणावर, फोनवर. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, भरून ठेवू, मग बघू. मी माझं "येते मी" भरून टाकलं आणि तुमची पाळी आली.

त्या दिवशी तुमचा घसा बसला होता. मला दिसत होतं, पण मला ते काम संपवायचं होतं. तुम्ही म्हणायचात, मधेच आवाज फाटायचा, परत. ठसका, परत. मी हेडफोन लावून बसलेली, उकाड्याने डोकं तापलेलं. अकराव्या वेळेला मी म्हटलं, "आबा, तुमचा आवाज आता गेलाय. अस्वल गप्पच राहू द्या. नाहीतर मी दुसरा माणूस बघते."

तुम्ही हेडफोन काढलेत, वायर नीट गुंडाळलीत आणि म्हणालात, "बघा, शैलाबाई."

तुम्ही रागावलात की पुस्तकी मराठी बोलायचात आणि मला बाई लावायचात, हे मला दोन वर्षांत कळलं होतं. एरवी मी तुम्हाला स्कूटीवर स्टँडला सोडायचे. त्या दिवशी तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून चालत गेलात. एरवी धुळ्याला पोहोचलात की तुमचा एक मिस कॉल यायचा. त्या दिवशी आला नाही. आणि मीही केला नाही. म्हटलं, रुसलाय म्हातारा, चार दिवसांनी येईल. पाचव्या दिवशी सकाळी तुमच्या घरून अक्कांचा फोन आला, तुम्ही गेल्याचा.

आबा, मला त्या वाक्याची लाज वाटते. बाकी कशाचीच नाही, भांडले ती भांडले, बरोबरच भांडले. पण आवाज गेलाय हे मी बोलायला नको होतं, आणि ते खरंही नव्हतं.

दहाव्याला धुळ्याला आले. पाहुणे होते, घरात जागा नव्हती, अक्का मागच्या अंगणात चुलीपाशी बसल्या होत्या. तुमची बायको म्हणून दोन वर्षं मी त्यांना फक्त फोनवर ओळखत होते, पहिल्यांदा नीट भेटले ती अशी. मी त्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, अक्का, माझ्यावर रागावून गेले आबा. त्यांनी चुलीतलं लाकूड मागे सारलं. मग म्हणाल्या, "रागमा व्हतात का? माले नही वाटनं. चार दिन घरमा तेच चालू व्हतं. सकायले गुयन्या करेत, मीठना पानीना. भाकर खाता खाता म्हनेत, जेवी लेजो, पोहची गयी का सांगजो. मी म्हनं, कोनले सांगतस? म्हनेत, पोरले."

आणि अक्कांनी ती दोन वाक्यं तुमच्यासारखी म्हणून दाखवली. आवाज तुमचा नाही, आवाज त्यांचाच, पण कुठे थांबायचं, कुठे खाली यायचं, ते सगळं तुमचं. चार दिवस ऐकून पाठ झालेलं. मी तिथे अंगणात, पाहुण्यांसमोर, ढसाढसा रडले. तुम्ही गुळण्या करत होतात. म्हणजे तुम्ही परत येणार होतात. रुसला नव्हतात, की रुसूनही यायचं ठरवलं होतं, ते मात्र मला आता कळणार नाही.

जळगावला आले तर प्रश्न तसाच. पोर "येते मी" म्हणते आणि पुढे अर्धं मिनिट नुसतं अस्वल. शांत ठेवलं तर माझा शेवट झाला. मी जिंकले, तुम्ही मेलात म्हणून. हे असलं जिंकणं मला नको होतं. मग आमच्या धंद्यातला एक हुशार मुलगा म्हणाला, ताई, आबांचा दहा मिनिटांचा आवाज द्या, कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात काय वाट्टेल ते बोलेल. मी दिला. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. दुसऱ्या दिवशी त्याने आणून ऐकवलं. "जेवी लेजो. पोहची गयी का सांगजो." तुम्हीच होतात, अगदी तुम्ही, पण धडधाकट. घसा मोकळा, ठसका नाही, कुठे फाटलेला नाही. जसा काही मी अकराव्या वेळेला मागत होते तो आवाज कुणीतरी मला आणून दिला. मी त्या मुलाला म्हटलं, काढून टाक. तो म्हणाला, ताई, कुणाला कळणारसुद्धा नाही. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं, त्याला पाड्यावरचे बाबा माहीत नाहीत.

मी अक्कांना फोन लावला. म्हटलं, अक्का, तुम्ही बोला.

"मी? मन्हा आवाज अस्वलसारखा शे का?"

म्हटलं, आबांचा तरी कुठे होता पहिल्या दिवशी?

त्यांनी विचार केला. म्हणाल्या, तेरावं होऊ दे. तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या आल्या, एकट्या, सकाळच्या एस.टी.ने. जिना चढून वर आल्या, टांगलेल्या गोधड्यांवरून हात फिरवला, त्यातली एक तुम्ही धुळ्याहून आणलेली, ती ओळखली. हेडफोन नको म्हणाल्या. मी त्यांना पडद्यावर पोर दाखवली, तुमच्या हातची, लग्नपत्रिकेची. पोर म्हणाली, येते मी. अक्कांनी उत्तर दिलं. एकदाच. मी दुसऱ्यांदा मागितलं नाही.

काल तो सिनेमा पहिल्यांदा माणसांना दाखवला. कुठे दाखवायचा हे अक्कांनी ठरवलं, त्यांच्या माहेरच्या गावातली शाळा, पारोळ्याच्या अलीकडे. दुपारची वेळ, खिडक्यांवर माझेच जुने फ्लेक्स बांधून अंधार केला. पहिली ते चौथीची पोरं सतरंजीवर, मागे दोन-चार आया, सगळ्यात मागे मी आणि अक्का. मी पोरांना काही सांगितलं नाही. आबा कोण, ते कधी गेले, आवाज कुणाचा, काही नाही. मला माझ्याच कामाची भीती वाटत होती. एवढे दिवस छाती काढून हिंडले आणि काल तिथे दाराजवळची जागा धरून बसले. कारण एकतीस मिनिटं अस्वल तुमच्या आवाजात बोलतं आणि शेवटी एकदम बाईच्या. पोरं हसली असती तर? अक्का शेजारी बसलेल्या. तुमचं वाक्य, त्यांचा आवाज, आणि त्यावर हशा, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने ऐकवणार होते?

पोरं पुढाऱ्याला हसली. वणव्याला गप्प झाली. झाडावरून अस्वल उतरलं तेव्हा एका पोराने ओरडून सांगितलं, बघा, ढुंगण आधी. मग वाट आली. पोर उभी राहिली. येते मी, म्हणाली. अस्वलाने मान वळवली, आणि अक्कांचा आवाज आला.

"जेवी लेजो. पोहची गयी का सांगजो."

पुढच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, "आवाज बदली गया."

कुणी हसलं नाही. त्याच्या शेजारी दुसरीतली असेल एक पोर, दोन वेण्या, ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "तो नही शे तो. ती अस्वलनी बायको शे. तो मरी गया व्हई, म्हनीसन ती उनी."

मी अक्कांकडे बघितलंही नाही, बघवलं नाही. पोरगा ऐकणाऱ्यातला नव्हता, त्याला कारण हवं होतं. तो म्हणाला, "मंग ती रडस काब्र नही?"

ती वेण्यांवाली पोर मागे वळली, मोठं कुणी सांगेल म्हणून. अक्का पदर सावरून पुढे वाकल्या आणि तिला म्हणाल्या, "पोरले सुखरूप धाडनं व्हतं ना, बाय, पहिले. रडनं मंग."